भारी वाईन शोकेसमध्ये ठेवू नका

तासगाव-पलूसच्या माणसाला द्राक्ष शिकवायला नको. 2001 च्या धोरणानंतर वाईन पार्कसाठी सरकारनं विंचूरबरोबर पलूसच निवडलं. तरीही परदेशातून मुलगा-सून भारी रेड वाईन घेऊन येतात आणि ती बाटली आपण शोकेसमध्ये उभी करतो, नाहीतर माळ्यावर टाकतो. सांगली-साताऱ्याच्या उन्हाळ्यात असं करू नका.

बाटली ग्रनाश द्राक्षाची असेल तर जास्तच जपा. दक्षिण फ्रान्समध्ये आणि स्पेनमध्ये हे द्राक्ष भरपूर लावतात. साल पातळ, पिकायला उशीर, गोडी मोठी. म्हणून वाईनमध्ये अल्कोहोल 14-15 टक्क्यांपर्यंत जातं. हवेनं मात्र ती लवकर बिघडते.

तुम्ही बेदाणा कोल्ड स्टोरेजला कशाला ठेवता? बाहेर राहिला तर रंग जातो, भाव पडतो. या बाटलीचंही तसंच. तिला 12 ते 14 अंशांचा गारवा हवा, अंधार हवा. आपल्या घरात मे महिन्यात तशी जागा नसते. मग फ्रीजमध्ये खाली भाजीच्या कप्प्यात ठेवा. बूच असेल तर आडवी ठेवा, म्हणजे बूच सुकत नाही. काही महिने निभेल. दहा वर्षं ठेवायचा हट्ट धरू नका, ते तळघरवाल्यांचं काम. पुढच्या दिवाळीपर्यंत उघडा.

बूच वर सरकलं असेल, मानेशी चिकट ओघळ असेल, तर बाटलीला ऊन लागलंय असं समजा. उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ओतून द्या. महाग होती म्हणून पिऊ नका.

जुन्या बाटलीत तळाशी गाळ असतो. आदल्या दिवशी ती उभी करा, सावकाश ओता. गाळानं अपाय नाही. पाहुण्यांना देण्याआधी बाटली थोडी गार असू द्या, गरम वाईनमध्ये नुसतं अल्कोहोल नाकात जातं. ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडात फिरवा. पिकलेल्या लाल फळांची, थोडी मिऱ्याची चव लागेल. सोबत झणझणीत रस्सा नको. तिखटानं अल्कोहोल जास्त जाळतं आणि चव कळत नाही. कमी तिखटाचं सुकं मटण किंवा भरलं वांगं करा.

उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

घरात कुणाला रोजची औषधं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. जो पीत नाही त्याला आग्रह करू नका. आणि घोटभर घेतली असली तरी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.