साठीतलं ताट आणि झाडीपट्टीचा भात

चंद्रपूर-गडचिरोलीत साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टरांनी ‘भात बंद करा’ असं सांगणं म्हणजे त्या घरात भांडण लावून देणं. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली हा सगळा धानाचा मुलूख, म्हणजे झाडीपट्टी. इथं जेवण म्हणजे भात. बाकीचं सारं त्याच्याबरोबर खायचं. तरी हा सल्ला हल्ली घरोघरी पोहोचला आहे. कुणाची साखर वाढलेली, कुणाचे गुडघे बोलू लागलेले, कुणाच्या पँटचं बटण लागत नाही. मग मोबाइलवर कुणीतरी तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवल्याची चित्रफीत येते आणि सोमवारपासून घरात भाताचं पातेलं चढत नाही. गुरुवारी ते पुन्हा चढतं.

या भागाचं भाताशी नातं किती जवळचं आहे, हे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहिलं तरी कळतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा दीड एकराचा शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून जपल्या, पुढच्या हंगामात पेरल्या आणि रानडुकरांनी नासू नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला, त्याला व्यापाऱ्यांनी त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं : एचएमटी. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांचा तांदूळ आज अनेक राज्यांत पिकतो. हा भात दोन वाट्या वरणावर चार वाट्या कधी पोटात जातो ते खाणाऱ्याला कळत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

दोष तांदळाचा मात्र नाही. चिखलात वाकून रोवणी करणारा, भारे वाहणारा माणूस तीन वेळा भात खाऊन काटक राहिला, कारण तो भात संध्याकाळपर्यंत जळून जात होता. त्याचाच मुलगा वीज केंद्रात, वेकोलीच्या खाणीत किंवा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागला, पाळीत काम करू लागला आणि साठीला निवृत्त झाला. ताटातला भाताचा ढीग मात्र बापाच्याच मापाचा राहिला.

‘चाळिशीनंतर शरीराची भट्टी मंदावते’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. ते खरं नाही. २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांची मोजमापं एकत्र करून २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला. शरीराच्या वजनाच्या मानाने ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असतो आणि साठीनंतर तो दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो, असं त्यात दिसलं. म्हणजे चाळिशीतल्या ढेरीचा दोष भट्टीवर टाकता येत नाही. साठीनंतर मात्र तीच थाळी खरोखर जास्त होते.

मोठ्या वयात पिठूळ-गोड कमी करून वजन उतरवणं हे काही आजचं खूळ नव्हे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते. राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या पेढीचे मालक. पासष्टीत त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटं उतरावं लागे. डॉ. विल्यम हार्वी यांनी त्यांचे पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो उतरले. १८६३ मध्ये त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली, ती हातोहात खपली आणि बँटिंग ८१ वर्षं जगले. सगळ्या ‘लो-कार्ब’ पुस्तकांची आजी ती हीच.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. मूळ मांडणी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, दीक्षितांनी ती लातूरहून गावोगाव पोहोचवली. दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका, मध्ये काही खाऊ नका, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहराही केलं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या की भात, तूप, आजीच्या हातचं सगळं खा, फक्त भूक ओळखा. मराठी मध्यमवर्गाची सरळ दोन तटांत फाळणी झाली. आणि गडचिरोलीकरांना तर तिसरंच उदाहरण घरचं होतं. तिथल्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठलं, तेव्हा ते डॉ. डीन ऑर्निश यांच्या वाटेने गेले : तेल-तूप जवळजवळ नाही, धान्य-भाज्या भरपूर, जोडीला योग आणि ध्यान. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक त्यातूनच आलं. ही पद्धत ‘लो-कार्ब’च्या बरोबर उलट टोकाची आहे.

मग खरं कुणाचं? स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवून पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला : कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६ किलो. फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणं टाळायला सांगितलं होतं, हे विसरू नये. वजन कुठल्याही शिस्तीने उतरतं. ती शिस्त कुणाच्या ताटात टिकते, हाच प्रश्न असतो.

मात्र आपल्या ताटात नेमकं काय जास्त आहे, हेही आता मोजलं गेलं आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये पुढे आलं की आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत तर तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये असं म्हटलं आहे. तेव्हा भात कमी करा म्हणणारा डॉक्टर चुकत नाही. ‘बंद’ म्हणतो तिथे तो चुकतो.

‘इंडियाब’ पाहणीतलाच दुसरा निष्कर्ष चंद्रपूरकरांच्या जिव्हारी लागेल. तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी आणल्याने धोका घटत नाही. कर्बोदकांची एकूण बेरीज घटावी लागते. आपल्याकडे मात्र ‘मी भात सोडला’ म्हणणारा गडी चार पोळ्या रिचवतो. वरोरा-राजुऱ्याकडचा माणूस भाकरीच्या भरवशावर निर्धास्त असतो. शंभर ग्रॅम तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं असतील तर ज्वारीत किंवा कणकेत सत्तरच्या आसपास. तंतू जास्त मिळतात, एवढंच. एकादशीच्या साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे पूर्वजच सांगून गेले. व्हिस्कीत कर्बोदकं नाहीत म्हणून ती चालते, असा शोध चंद्रपुरात २०२१ ला दारूबंदी उठल्यापासून काहींनी लावला आहे. दारूच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात उष्मांक असतात, एवढं त्यांना सांगून पुढे जाऊ.

साठीनंतरची खरी गोम वजनात नाही, स्नायूंत आहे. घाईने उतरवलेल्या वजनातला मोठा वाटा, बहुधा चौथा हिस्सा, चरबीचा नसून मांसाचा असतो. तिशीतला माणूस तो भरून काढतो. पासष्टीतल्या बाईचं दंडाचं आणि मांडीचं मांस गेलं की ती जमिनीवरून उठताना हात टेकते, न्हाणीघरात घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून या वयात भात कमी करण्याआधी प्रथिनं वाढवायची. वयस्करांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं वृद्धांच्या आहारावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. सत्तर किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

हे झाडीपट्टीच्या ताटात बसतं का? बसतं. दिवसाला कोरडा तांदूळ सव्वाशे ग्रॅम, म्हणजे दोन्ही वेळेला मिळून एक मोठी वाटी. त्यातून नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. शंभर ग्रॅम तुरीची डाळ घातली की बावीस. वरण मात्र घट्ट हवं, ताटात वाहत जाणारं नको. दोन अंडी, बारा-तेरा. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, सोळा. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी शंभर ग्रॅम, अठराच्या आसपास. बेरीज ७७-७९ वर जाते आणि भातही ताटात राहतो. हा शास्त्रातला कडक ‘लो-कार्ब’ नव्हे. त्यात सगळ्या खाण्यातून मिळून दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं लागतात, आणि ‘कीटो’त तर पन्नासच्याही आत. पण आजच्या ताटाच्या मानाने हा मोठाच उतार आहे आणि तो वर्षानुवर्षं निभतो.

भाज्यांना तर तोटाच नाही. पावसाळ्यात तरोटा, बांबूचे वास्ते, रानातल्या सात्या, म्हणजे अळंबी. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा, अंबाडी, वांगी. जवसाची चटणी घरोघरी आहे. दिवाणखान्यात बसून ॲव्होकॅडो मागवणाऱ्यांनी एकदा चंद्रपूरच्या गोल बाजारात सकाळी फेरी मारावी. धानानंतर त्याच बांधीत येणारी लाखोळी डाळ प्रथिनांनी भरलेली असते खरी, पण रोज आणि मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. विषारी घटक कमी असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’ हे वाण निघाले आहेत. तरीही ती अधूनमधूनच बरी.

आता सावधगिरी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकाएकी भात तोडला तर साखर धाडकन खाली येते. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने कीटोच्या वाटेला जाऊच नये. रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं. कर्बोदकं घटली की पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी उतरतं. काट्यावर दोन किलो कमी दिसतात, तो आनंद बहुतेक त्या पाण्याचाच. त्यात रक्तदाबाची गोळी जुन्याच मापाची राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सिकलसेल असलेल्या माणसाला, आणि हा आजार या दोन जिल्ह्यांत नवखा नाही, पाणी कमी पडणं घातकच. शिवाय मीठ. गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ने केलेल्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचं पहिलं कारण निघालं; सातातला एक मृत्यू त्याने. भात कमी केल्याची भरपाई लोणचं, पापड आणि खारवलेल्या झिंग्यांनी करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

चालण्याचं म्हणाल तर इथे त्यातही वेगळी पंचाईत. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पहाटे निघावं. तर २०२२ मध्ये दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या आवारात वाघ-बिबट्यांनी माणसं मारली. चंद्रपुरातला आझाद बगीचा गाठावा, नाहीतर घरातच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं-बसावं. स्नायूंसाठी हे उठणं-बसणं फिरण्यापेक्षाही बरं.

हे सारं झालं पोट सुटलेल्यांचं. भामरागड-एटापल्लीतल्या हडकुळ्या म्हाताऱ्याला यातला शब्दही लागू नाही. त्याच्या ताटातला भात कुणी कमी करायला सांगितला तर तो अपराध ठरेल. पण गंमत अशी की दोघांच्या ताटात कमी आहे ती एकच गोष्ट : डाळ. जानेवारी २०२३ पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, अंत्योदय कार्डावर ३५ किलो. धानपट्ट्यात ते मुख्यतः तांदूळच. डाळ मात्र बाजारभावाने. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळणारी आजी फुकटचा भात सोडून विकतची तूर कशी घेईल? भात कमी खा हा सल्ला तिच्यापुरता श्रीमंतांचा सल्ला आहे. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत चार वस्तू मिळाल्या : रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ. चारांतली एकच कामाची होती.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. करोनाकाळात, २०२० मध्ये, एप्रिल ते नोव्हेंबर कार्डामागे महिन्याला एक किलो डाळ-चणा दिला गेला होता. धान आदिवासी विकास महामंडळ खरेदी करतं, भरडतं आणि तोच तांदूळ रेशनवर येतो; तशीच व्यवस्था विदर्भातल्या तुरीची आणि हरभऱ्याची लावता येते. लठ्ठपणाविरोधी मोहिमांना चेहरे पुष्कळ झाले. आता ज्या कार्डावर साठीपुढचं माणूस आहे, त्यावर महिन्याला दोन किलो डाळ द्यावी आणि सुरुवात चंद्रपूर-गडचिरोलीपासून करावी.