पावसाच्या म्हणी
‘पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण म्हणजे मुरलेलं शेतीज्ञान आहे. उत्तरा नक्षत्र लागतं सप्टेंबरच्या मध्यावर. भात तेव्हा पोटरीत असतं किंवा निसवत असतं, आणि त्याच पाण्यावर दाणा भरतो. ‘पडतील स्वाती, तर पिकतील मोती’ ही रब्बीची. रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी १८९९ मध्ये मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डहून काढला, पुढे दाते-कर्व्यांनी वाक्संप्रदाय कोश रचला. त्यांचे उपकार मोठेच. पण कोणती म्हण कोणत्या पिकाची, हे बांधावरच्या माणसालाच विचारावं लागतं. पाऊस आता नक्षत्रं पाळत नाही, म्हणून या म्हणी टाकाऊ ठरवू नयेत. पूर्वीच्या पावसाची ती नोंद आहे. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून या म्हणी गावाच्या नावासकट लिहून घ्या.