नानीचे गाणे आणि डीजेची भिंत

मालवण किनाऱ्यावरच्या एका गावात हळदीच्या रात्री बसलो होतो. नानी-खाला ढोलकीवर आपल्या बोलीतली लग्नगीते म्हणत होत्या. दोन गाणी होतात न होतात तोच घरातला एक शिकलासवरलेला तरुण पुढे आला. "नानी, बंद कर. हे शरीअतमध्ये बसत नाही," म्हणाला. बायका गप्प झाल्या. दुसऱ्या रात्री त्याच दारात डीजेची भिंत उभी राहिली. सिनेमाची गाणी दणाणत होती आणि हा तरुण निमूट ऐकत होता.

आपला आक्षेप नेमका कशाला आहे? संगीताला, की आपल्याच नानीच्या आवाजाला?

संगीताविषयी उलेमांत मतभेद आहेत. ते मिटवण्याचा माझा अधिकार नाही. पण ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बकर यांनी हटकले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना गाऊ द्यायला सांगितले, हे बुखारीतच आहे. निकाहच्या वेळी डफ वाजवण्याची मुभाही हदीसमध्ये सापडते. मग ढोलकीवर बंदी आणि डीजेला सूट, हा कुठला न्याय?

दुसरी मंडळी म्हणतात, जुनी गाणी नव्या पोरांना नकोत. त्यांनी आपल्याच समुद्रापलीकडच्या आफ्रिकेकडे पाहावे. सेनेगल हा बहुसंख्य मुसलमानांचा देश. तिथला युसू एन्दूर आईकडून ग्रियो, म्हणजे पिढीजात गायकांच्या घराण्यातला. त्याने साबार ढोलाला गिटारची आणि क्युबन चालींची जोड दिली. वोलोफ भाषा मात्र सोडली नाही. २००४ मध्ये 'इजिप्त' या अल्बममध्ये कैरोच्या वाद्यवृंदासोबत त्याने आपल्या देशातल्या सूफी बुजुर्गांचे गुणगान केले. मजहब बाजारात आणला म्हणून त्याच्याच देशात ओरड झाली. २००५ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी मिळाले, तेव्हा त्याच देशाने त्याला डोक्यावर घेतले.

मालीच्या उत्तर भागात २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी संगीतावर बंदी घातली, वाद्ये जाळली. तिथून बामाकोला आलेल्या तरुणांनी 'सोंगॉय ब्लूज' हा बँड उभारला. सोंगाई चाली आणि इलेक्ट्रिक गिटार हे त्यांचे भांडवल. हे गाणारेही मुसलमानच. तिथे गाणे थांबवायला बंदुका लागल्या. आपल्याकडे एका पोराचा शब्द पुरला!

इतक्या लांब जायचे नसेल तर सिंधुदुर्गातलीच डबलबारी ऐका. बुवा सिनेमाच्या चाली बिनधास्त उचलतात, पण पखवाज खाली ठेवत नाहीत. शेजाऱ्याला हे जमते, मग आपल्यालाच का जमू नये? ज्या मराठीत शाहीर अमर शेख यांनी डफावर थाप मारून मैदाने जागवली, त्या मराठीचे आपण वारस आहोत.

माझे म्हणणे एवढेच. नानी हयात आहे तोवर तिची गाणी मोबाइलवर टिपून घ्या, शब्द वहीत उतरवा. मग पोरांनी खुशाल गिटार लावावी, कीबोर्ड लावावा. बोली आपली आणि चाल ओळखीची राहिली म्हणजे झाले. ज्यांना गाणे मुळातच नको, त्यांनी आधी दारातला डीजे बंद करून दाखवावा. तो बंद करायची हिंमत नसेल, तर नानीला गप्प करण्याचा हक्कही नाही.