बंगला उभा राहील, उताराचे काय?

पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वर्गाची 'सेकंड होम'ची हौस लोणावळा, मुळशी, पानशेत ओलांडून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्याकडे वळली आहे. माणिकडोह किंवा डिंभे धरणाचा जलाशय समोर, मागे सह्याद्री, भोवती हिरडा-जांभळाची झाडी आणि मध्ये उघड्या काँक्रीटचा, मोठ्या काचांचा, सपाट छपराचा बंगला, असे या हौसेचे आधुनिक रूप आहे. जलाशय कोणत्या खिडकीतून दिसावा यावर वास्तुविशारद आणि मालक यांच्यात बराच खल होतो. डोंगरावरून उतरणारे पाणी घराच्या बाजूने कुठे जाणार, हा प्रश्न मात्र क्वचितच त्या चर्चेत येतो.

त्या देखाव्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. जाहिरातीत दिसतो तो ऑक्टोबरमधला जलाशय. कुकडी प्रकल्पाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतीला जाते आणि उन्हाळ्यात काठावर चिखल व भेगाळलेली जमीन उरते. डिंभे धरणाच्या पाण्याखाली तर ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने आंबेगावच गेले आहे.

काँक्रीटला दोष देऊन मातीच्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. प्रश्न घराखालच्या जमिनीचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टीने मातीचा थर पाण्याने भरला व खडकावरून सुटला, हे त्याचे मुख्य कारण. शेतीसाठी यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा त्यात वाटा किती, यावर पुढे बराच वाद झाला. या चर्चेतून उताराला छेद देण्याचा विषय निदान ऐरणीवर आला.

त्यानंतरची घटना अधिक बोलकी आहे आणि ती फारशी कुणाच्या स्मरणात नाही. माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले. नवी घरे काँक्रीटची, आराखडा अभियंत्यांचा, देखरेख सरकारची. २०१७ च्या एप्रिलमध्ये घरे गावकऱ्यांच्या ताब्यात देण्यात आली. जूनमधल्या पहिल्याच जोरदार पावसात भराव खचले आणि रस्ते उखडले. उतार कापून निघालेली माती खालच्या बाजूला भरून सपाटी करण्यात आली होती. अशा भरावातील माती दाबून बसवली नाही, पाण्याला वाट ठेवली नाही, की वरचे बांधकाम कितीही भक्कम असले तरी त्याचा उपयोग मर्यादित राहतो. शासनाची सारी यंत्रणा जिथे कमी पडली, तिथे एका ठेकेदाराने जेसीबी लावून आठवडाभरात केलेल्या सपाटीवर किती विश्वास ठेवायचा?

कायदा या बाबतीत अपुरा आहे. कोकण किनाऱ्यावर निदान वाळूच्या टेकड्यांना सागरी किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील म्हणून स्थान आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एकास पाचहून तीव्र उतारावर बांधकामास मनाई आहे. पण उतार आधी कापला गेला, तर मोजणीच्या वेळी तो तीव्र दिसत नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढला. केरळातील वायनाडच्या दरडीनंतर एक दिवस आणि माळीणला दहा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी! महाराष्ट्रातील सुमारे १७ हजार ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात होते आणि घाटालगतच्या अनेक गावांचा समावेश होता. त्यातील बंदी मात्र २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांपुरती आहे. दोन हजार चौरस फुटांचा बंगला म्हणजे जेमतेम १८६ चौरस मीटर. असे शंभर बंगले एकाच डोंगरावर वेगवेगळ्या मालकांनी बांधले, तरी एकत्रित आकडा मर्यादेच्या आतच राहतो. डोंगर मात्र एकच असतो.

झाडांचे म्हणाल तर 'आम्ही एकही झाड तोडले नाही,' असे मालक अभिमानाने सांगतात. खोडाभोवती हातभर भराव टाकला, किंवा पायासाठी मुळे छाटली, की झाड काही वर्षांनी आपोआप वाळते. या भागात हिरडा हे नुसते सावलीचे झाड नाही. बाळहिरडा वेचून विकणे हा महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख पैसा येण्याचा एक मार्ग आहे.

तांत्रिक उपाय अवघड नाहीत. उतार सपाट करण्याऐवजी वेगवेगळ्या उंचीच्या खांबांवर घर उतरते ठेवता येते. वरच्या बाजूला चर खोदून पाणी नैसर्गिक ओढ्यात सोडता येते. संरक्षक भिंतीत पाणी निघण्याची छिद्रे ठेवावी लागतात, अन्यथा तीच भिंत मागच्या दाबाने ढासळते. सपाट छपरापेक्षा या पावसाला उतरते छप्पर आणि रुंद पागोळ्याच मानवतात. उघड्या काँक्रीटमध्ये मुरलेला ओलावा आतल्या सळयांपर्यंत पोचतो. भूस्तराची चाचणी करून घेण्याचा खर्च त्या मोठ्या काचांच्या मानाने किरकोळ असतो. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी कातळ कोरणाऱ्यांनी पाण्याच्या टाक्या, म्हणजे पोढी, आवर्जून कोरल्या आणि त्यांच्या दानाचे शिलालेखही लिहिले, हे या संदर्भात आठवते.

चूक झाली तर तिची किंमत मालकापेक्षा दुसराच कोणी मोजण्याचा संभव अधिक आहे. आठवड्याचे पाच दिवस बंगला बंद असतो. त्याच्या खाली वाडी असते, भाताची खाचरे असतात, शाळेची वाट असते. बंगल्याच्या भरावाची माती सुटली तर ती तिथेच येणार. म्हणून बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत मूळ उताराचा मोजणीसह छेद, पाण्याच्या वाटांचा नकाशा आणि खालच्या वस्तीचे अंतर मागितले पाहिजे. आणि ही मोजणी जमीन कापण्यापूर्वीचीच हवी. सध्या अर्जासोबत सातबारा उतारा मागितला जातो. जमिनीचा उतार मागितला जात नाही.