अजगराच्या हद्दपारीची परंपरा

अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेल्या नहुषाने भीमासारख्या बलाढ्याला वेटोळ्यात जखडले, तेव्हा वनपर्वातला युधिष्ठिर शस्त्राला हात न लावता त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत बसला. आधी समजून घ्यावे आणि मग ठरवावे, हा क्रम पुढच्या काळात अजगराच्या वाट्याला क्वचितच आला.

१८३०च्या दशकात लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले की, भारतातली अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब देईलच कसा, म्हणून विद्वानांनी ती हकिकत उडवून लावली. पण १८४१ मध्ये त्याच शहरातल्या प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली आणि प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांच्या तापमापकाने प्रवाशाचीच बाजू खरी ठरवली. स्नायू पुन्हा पुन्हा आकसून मादी ही उष्णता निर्माण करते, हे १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोजमापांनी सिद्ध झाले. एवढी साधी गोष्ट पुरती पटायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

इकडे भारतात एकोणिसाव्या शतकात मेलेल्या सापामागे बक्षीस देणारे सरकार होते. पुढे कातड्याच्या व्यापाऱ्यांनी अजगराला गिऱ्हाइकी मिळवून दिली. अजगराने फस्त केलेल्या शेतातल्या उंदीर-घुशींचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नव्हता. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आज अजगर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणे गुन्हा ठरले, पण घालवून देण्याची हौस फिटली नाही.

दिवा आणि डोंबिवली यांच्यामधल्या कोपरला एका अंगाला उल्हास खाडीची खारफुटी आहे, दुसऱ्या अंगाला इमारतींची दाटी. अशा काठावर अजगर दिसला की तो पकडून दूरच्या जंगलात सोडणे हेच पुण्यकर्म मानले जाते. हेतू निर्मळ, पद्धत जुनीच. फ्लोरिडात उपऱ्या ठरलेल्या बर्मी अजगरांना वीस किलोमीटरहून अधिक दूर नेऊन सोडले, तर त्यांतले बहुतेक मूळ जागेच्या दिशेने परतले, असे २०१४च्या अभ्यासात दिसले. आपला अजगर त्यांचा जवळचा नातलग. त्याला परका मुलूख मानवेल असे गृहीत धरायला आधार काय?

म्हणून कोपरकरांनी अजगर दिसताच अंतर राखावे, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे. आणि वनविभागाने तो सापडला त्याच खाडीपट्ट्यात, वस्तीपासून जरा बाजूला सोडून त्या जागेची नोंद ठेवावी.