दोन फळ्या आणि माणसाची अक्कल

हिवाळी ऑलिम्पिकची दृश्ये टी.व्ही.वर दाखवतात, तेव्हा पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली येणारी माणसे आपली मुले डोळे विस्फारून पाहतात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. त्यातले महागडे कपडे आणि चकचकीत साधने पाहून कोणालाही वाटेल, हे श्रीमंतांचे चोचले आहेत! पण आम्ही त्याचा उगम वाचला आणि थक्क झालो. स्कीचा जन्म मौजेतून नव्हे, पोटाच्या गरजेतून झाला.

कल्पना करा. मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ आहे. पाऊल टाकावे तर आत रुतते. समोरून शिकार निसटते आहे आणि घरी पोरेबाळे उपाशी आहेत. अशा वेळी कोणा शिकाऱ्याच्या ध्यानात आले, की अंगाचा भार रुंद जागेवर पसरला तर पाय रुतत नाही. त्याने पायाखाली फळी बांधली. ती नुसती तरली नाही, तर घसरत पुढेही गेली!

उत्तर रशियात सिंदोर सरोवराजवळ सापडलेले स्कीचे तुकडे सुमारे ८००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातल्या एका तुकड्याच्या टोकाखाली एल्क या सांबरासारख्या प्राण्याचे डोके कोरलेले आहे. ते नुसते शोभेचे नव्हते, स्की मागे घसरू नये म्हणूनही त्याचा उपयोग होई, असे संशोधक मानतात. मध्य आशियातल्या अल्ताई डोंगरातले लोक तर स्कीच्या तळाला घोड्याचे केसाळ कातडे लावतात. केस मागच्या बाजूला वळलेले असल्याने पुढे जाताना स्की सरकते आणि चढावर तेच केस बर्फाला धरून ठेवतात. कातडे हाताळणाऱ्यालाच हे सुचणार. कातड्याला हात लावणे ज्यांनी विटाळ मानले, त्यांना ते कधी सुचले असते काय?

या शोधकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. पण एक नाव मात्र आपल्या मुलांना जरूर सांगावे. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात मॉर्गेदाल नावाचे गाव आहे. तिथे १८२५ साली सोंद्रे नूरहेम जन्मला. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या जागेत राहून कष्ट करणारा हा गरीब माणूस. त्या काळी स्की फक्त पंजाला बांधत, त्यामुळे उडी मारताना ती पायातून निसटे. सोंद्रेने झाडाच्या लवचिक डहाळ्या पिळून टाचेभोवती बंध घातला. आता वळता येऊ लागले, उडीही मारता येऊ लागली. १८६८ साली राजधानीत, म्हणजे आजच्या ओस्लोत, स्पर्धा झाली. बेचाळीस वर्षांच्या या खेडुताने ती जिंकली आणि शहरी मंडळी तोंडात बोटे घालून पाहत राहिली.

पण कौतुकाने पोट भरत नाही. १८८४ साली तो कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि १८९७ साली तिथेच वारला. कित्येक वर्षे त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. पुढे १९५२ साली ओस्लोत हिवाळी ऑलिम्पिक भरले, तेव्हा मशाल पेटवली ती याच सोंद्रेच्या मॉर्गेदालमधल्या घरच्या चुलीवर!

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की केवळ परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. फळी रुतते की तरते, हे त्या शिकाऱ्यांनी करूनच पाहिले. कोणा देवाने त्यांच्या कानात येऊन सांगितले नाही.

बंधूभगिनींनो, आपल्या घरातही असे हात आहेत. मुलगा बिघडलेले घड्याळ उघडून बसला किंवा मुलगी इस्त्रीची वायर कशी जोडतात विचारू लागली, तर लगेच धपाटा घालू नका. वायर आधी प्लगमधून काढायला शिकवा आणि मग शेजारी बसून तिला जोडू द्या.

जयभीम!