त्वचेचे दार

चातुर्मासात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दमट हवा, न वाळलेले कपडे आणि लोकलमधील दाटी यांच्या जोडीने गजकर्णही घरोघरी येते. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या गृहस्थांना जांघेत खाज सुटते आणि मग कोणी सांगितलेली मलमाची ट्यूब घरी येते. दोन दिवसांत आराम पडतो. महिन्याभरात चट्टा दुप्पट होऊन परततो. असे का घडते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. बहुतेक जागी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीच असते. पेशींच्या विटा आणि त्यांमध्ये स्निग्ध द्रव्यांचा चुना, अशी ही भिंत आहे. स्निग्धात विरघळणारे लहान रेणू या चुन्यातून वाट काढतात आणि खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून मलम हेही पोटातल्या गोळीइतकेच औषध होय.

भिंत सर्वत्र सारखी नसते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून मोजणी केली. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळावर ते सुमारे सहापट, तर वृषणावरील त्वचेतून बेचाळीसपट शोषले गेले. तळपायातून मात्र सातवा हिस्साच. घट्ट पट्टी किंवा बाळाचा डायपर यांखाली शोषण आणखी वाढते.

अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. ते खाज दाबते, पण बुरशीला मोकळे रान देते. त्वचा पातळ होते, कायमचे वळ उमटतात. मोठ्या भागावर दीर्घकाळ लावल्यास शरीराची स्वतःची संप्रेरके मंदावतात. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली. चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. औषधविक्रेत्या बांधवांनी ओळखीच्या ग्राहकालाही नकार देणे, हा व्यवहारातील प्रामाणिकपणाच आहे.

हृदयविकारासाठी किंवा वेदनेसाठी लावायच्या औषधी पट्ट्यांचेही तसेच. त्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास औषध वेगाने रक्तात उतरते. नवी लावण्यापूर्वी जुनी काढावी. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते. ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

चालण्या-बोलण्यात जी यतना आपण पाळतो, तीच मलमाच्या बोटभर लेपातही असावी. दीर्घकाळ स्टेरॉइड लावत असणाऱ्यांनी ते एकदम न थांबवता प्रथम त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.